दोन्ही बाजूंना काच

माझ्याच टेबलावर माझ्याकडे झालेली चोरी उघडकीस आली, आणि खोक्याची दोरीसुद्धा मीच कापली.

तसबिरींच्या दुकानात काम करते मी. मालकांना गुडघ्यांनी वरच्या खोलीत बसवून ठेवलंय, तेव्हा खालचं दुकान मीच बघते. लाकडी पट्टी कापायची, कोपरे जुळवायचे, हिरकणीनं काच कापायची, मागे पुठ्ठा ठोकायचा. त्या दिवशी शेजारच्या गावातल्या हॉलचा मॅनेजर व्हॅन घेऊन आला. त्यांच्याकडे चित्रांची प्रदर्शनं होतात आणि फ्रेमची मोठी कामं आमच्याकडे येतात, कारण तिकडचा फ्रेमवाला कोपऱ्यात फट ठेवतो.

"चाळीसेक चित्रं आहेत," तो म्हणाला. "छोटीछोटीच आहेत. पुढच्या शनिवारी संध्याकाळी उद्घाटन. सकाळी टांगून झाली पाहिजेत."

"तुमचं काम कधी बिनघाईचं असतं का?" मी म्हटलं आणि दोरी कापली.

सगळ्यात वर आमच्या स्वयंपाकघरातला नळ होता. गळ्याला फडकं बांधलेला, कारण तो गळतो. त्याखाली माझ्या नवऱ्याचा चष्मा, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याखाली माझाच डावा हात, पट्टी दाबून धरलेला. माझं घर एकेक वस्तू करत खोक्यातून बाहेर यायला लागलं. मी कार्ड उलटून बघितलं. मागे तिकीट, टपालाचा शिक्का, माझ्या अक्षरात माझ्या थोरल्या जावेचा पत्ता, चार ओळींचा मजकूर आणि खाली माझी सही.

खोक्यात एक छापील कागदही होता. वर प्रदर्शनाचं नाव, 'रोजची एक रेघ'. त्याखाली थोरल्या जावेचं नाव, हनुवटीखाली हात घेतलेला तिचा फोटो, आणि फोटोखाली ओळ: 'गेली चार वर्षं रोज न चुकता चित्र काढणाऱ्या कलावतीचं पहिलं प्रदर्शन.' न चुकता! ही बाई न चुकता फक्त दुपारची झोप काढते, हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

"बाई छान आहेत हो," मॅनेजर म्हणाला. "फार साध्या. म्हणाल्या, महागाच्या फ्रेमा नकोत, मागे नुसता पुठ्ठा लावा."

पुठ्ठा लावला की मागची बाजू बंद. नाव मागच्या बाजूला आणि मागची बाजू भिंतीकडे. तिला काही खोडावं लागलं नव्हतं, काही फाडावं लागलं नव्हतं. फ्रेमवाला कोण, हे विचारायचंही तिच्या मनात आलं नसणार. मी कुठल्याशा काचेच्या दुकानात असते, एवढंच तिला माहीत. इतक्या वर्षांत कुठल्या, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू, हा चित्रांचा नाद मला लावला तिनंच. चार वर्षांपूर्वी काच निसटून माझ्या उजव्या अंगठ्याची शीर कापली गेली. टाके निघाले, पण अंगठा लाकडासारखा झाला. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा. मी रडकुंडीला आले होते, कारण अंगठ्याशिवाय हिरकणी धरता येत नाही. तेव्हा ताई आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. थोरल्या जावेला मी ताई म्हणते. त्यांनी चित्राभोवती लावतात त्या माउंटच्या जाड कागदाचा एक तुकडा उचलला आणि म्हणाल्या, "रोज एक कार्ड काढ आणि मला पाठव. मी तुला पाठवीन. पाकीट नाही, उघडंच टाकायचं. जे दिसेल ते काढायचं, चांगलं-वाईट बघायचं नाही, परत मागायचं नाही. आणि आलेल्या प्रत्येक कार्डाला उत्तर द्यायचंच. हा नियम."

सुरुवातीला त्यांची कार्डं काय सुंदर यायची! बसच्या तिकिटांचे तुकडे चिकटवून केलेली गल्ली, चहाच्या पुडीच्या कागदाचा पक्षी, एकदा तर लाल दोऱ्यानं शिवलेलं घर. पोस्टमन कार्ड हातात देताना आधी स्वतः बघून घ्यायचा. मी सकाळी दुकान उघडायच्या आधी, माउंटच्या कापलेल्या तुकड्यांवर, समोर येईल ते काढत होते. पहिल्या वर्षी माझा नळ सोंडेसारखा दिसायचा. दुसऱ्या वर्षी नळासारखा दिसायला लागला. अंगठा सुटला, हात बसला.

मग ताईंची कार्डं पातळ होत गेली. शेवटी त्यांनी खोडरबरावर 'पोचलं' असं कोरलं आणि कोऱ्या कार्डावर त्याचा ठसा मारून पाठवायला लागल्या. मी वाईट वाटून घेतलं नाही. म्हटलं, माणूस कंटाळतो. मी मात्र पाठवत राहिले, कारण दिवसातून एकदा कोणीतरी माझं चित्र बघतंय, एवढं मला पुरत होतं.

मॅनेजर गेल्यावर मी एकेक कार्ड चित्रांच्या नावांच्या यादीशी लावून बघायला लागले. नळाला ताईंनी 'थेंब' म्हटलं होतं. नवऱ्याच्या चष्म्याला 'सोबती'. तिथपर्यंत मी दात-ओठ खात होते, पण खरं सांगते, थोडं हसूही येत होतं. मग पायांचं कार्ड आलं.

ते माझ्या आईचे पाय. आई शेवटच्या महिन्यात आमच्याकडे होती. तिला सारखं उकडायचं म्हणून पाय पांघरुणाबाहेर काढून ठेवायची. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, तरुणपणी घट्ट बूट घालून काम केलं होतं म्हणून. मागे मी लिहिलं होतं: 'ताई, आज आईनं मला ओळखलं नाही. कोण तुम्ही, असं विचारलं. पाय मात्र अजून तिचेच आहेत, म्हणून पायच काढले.' त्याचं उत्तर 'पोचलं' असं आलं होतं. तेही मी गिळलं होतं.

यादीत त्या चित्राचं नाव होतं: 'माझी आई, शेवटचे दिवस.'

ताईंची आई ठणठणीत आहे. रोज संध्याकाळी शेजारणींशी पत्ते खेळते आणि हरली की पानं भिरकावते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसती चित्रं नेली असतीस तर भांडून मोकळी झाले असते. माझी मेलेली आई नेलीस? मी ते कार्ड हातात धरून उभी राहिले आणि ठरवलं, हिला सोडायचं नाही. हिच्या डोळ्यांत चारचौघांदेखत पाणी आलं पाहिजे, आणि ते मी बघितलं पाहिजे.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बिचारा दोरा बांधलेल्या चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिला.

"घरातलं प्रकरण आहे," तो म्हणाला. "वहिनीला फोन कर, सरळ विचार."

"विचारलं तर ती रडेल."

"मग रडू दे की."

"ती रडली की तुझा भाऊ येईल, मग तू येशील, मग सगळे मिळून मला समजावाल की एवढ्याशा कार्डांसाठी घर कशाला मोडतेस. आणि शनिवारी उद्घाटन होईल."

हे असंच होतं हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तो म्हणाला, "काय करणारेस?"

"फ्रेम," मी म्हटलं. "माझं कामच आहे ते."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला फोन केला. विचारलं, तुमच्या भिंती कशा आहेत हो? मागच्या वेळी तुमच्याकडची दोन चित्रं डाग पडून दुरुस्तीला आली होती. भिंतीला ओल होती हे खरंच होतं. घाबरण्याइतकी नव्हती, हेही खरं होतं. तो घाबरला. मी म्हटलं, भिंतीला लावूच नका. छताच्या तुळईवरून तारांनी हॉलच्या मध्ये सोडू. दोन्ही बाजूंना काच घालते, मध्ये कार्ड. टपालाची कार्डं आहेत, तिकिटं-शिक्के बघायला लोकांना आवडतं. पुठ्ठ्याऐवजी काच जाईल, तेवढंच.

"म्हणजे लोकांनी भोवती फिरायचं?" त्यानं विचारलं.

"हो. पत्राला दोन बाजू असतात."

"झकास," तो म्हणाला. "नवीन काहीतरी होईल. बाईंना सांगतो, तारांवर टांगणार म्हणून."

बाई खूश झाल्या म्हणे. त्यांना वाटलं असेल, आपला थाट वाढला.

त्या आठवड्यात केलं तसं काम मी आयुष्यात केलं नाही. काच इतकी पुसली की बोट लावून बघावं लागत होतं, आहे की नाही. एकाही कोपऱ्यात फट ठेवली नाही. प्रत्येक फ्रेमच्या पुढच्या पट्टीवर ताईंनी दिलेली छापील नावं सरळ रेषेत चिकटवली, 'माझी आई, शेवटचे दिवस'सुद्धा, अगदी मधोमध. रोज सकाळचं कार्डही चुकवलं नाही. त्यातलं एक ताईंच्या आईला पाठवलं. त्यांच्या पत्त्यांच्या टेबलाचं चित्र काढलं आणि मागे लिहिलं: 'मावशी, शनिवारी संध्याकाळी लेकीचं प्रदर्शन आहे. नक्की या.' लेकीनं त्यांना बोलावलं नसणार, हा माझा अंदाज होता. त्या मोठ्यानं बोलतात, ताईंना लाज वाटते.

शनिवारी सकाळी व्हॅनमधून गेले आणि स्वतः शिडीवर चढून सगळ्या फ्रेमा टांगल्या. सगळी चित्रं दाराकडे तोंड करून. दारातून बघणाऱ्याला नुसती चित्रं दिसावीत, पुढे जाऊन वळलं की मग मागची बाजू. पायांची फ्रेम पहिल्या रांगेत, मुद्दाम खाली टांगली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी. तिच्यासमोर एक खुर्ची ठेवली. मॅनेजर फुलांच्या मागे धावत होता. त्यानं मागचा मजकूर बघितला असेल, वाचला नाही. त्याला फक्त वेळेत दार उघडायचं होतं.

संध्याकाळी ताई प्रमुख पाहुण्यांबरोबरच आल्या, मोटारीतून. नवी साडी, नवी पर्स. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि दाराजवळच माइक होता तिथं उभ्या राहून त्यांनी भाषण सुरू केलं. मी खांबाआड होते.

"रोज चित्र काढणं म्हणजे स्वतःशी बोलणं," ताई म्हणाल्या. "कितीही काम असो, आजारपण असो, मी एक दिवस सोडला नाही. माझा नळ, माझी खिडकी, माझी माणसं..."

लोक भाषण ऐकत हळूहळू आत सरकले, जसे प्रदर्शनात सरकतात. पहिल्यांदा एक उंच बाई फ्रेमच्या पलीकडे गेली आणि तिथंच थांबली. तिनं पर्समधून चष्मा काढला. मग तिनं मैत्रिणीला हात केला. मैत्रीण गेली. मग आणखी दोघं. ताई बोलत होत्या आणि त्यांच्यासमोरची गर्दी पाठमोरी होत होती.

"'ताई, नळ पुन्हा गळतोय,'" उंच बाई वाचायला लागली, "'फडकं बांधलंय. आज अंगठा दुखला नाही.' कोण ताई? खाली सही तर दुसऱ्याच कोणाची आहे."

"इथंही तीच सही आहे," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

"सगळ्यांवर आहे."

माइकवरचा आवाज थांबला. ताई दोन पावलं पुढे आल्या, एका फ्रेमच्या मागे डोकावल्या आणि मला त्यांची पाठ ताठ झालेली दिसली. मी खांबामागून बाहेर आले. आता काय बोलणार, हे मला समोरून ऐकायचं होतं.

तिनं मला बघितलं आणि हसली. एवढं मी तिला मानते. दुसरी कोणी असती तर पळाली असती.

"हीच तर गंमत होती," ती मोठ्यानं म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. "ही माझी धाकटी जाऊ. ही सगळी चित्रं हिची. बिचारी दुकानात राबते, हिला स्वतःहून कधी जमलं नसतं. म्हटलं, आपणच सगळं जमवून आणावं आणि हिला चकित करावं. काय गं, झालीस की नाही चकित?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. पाहुण्यांनी माझ्यासाठी म्हणून फुलांचा गुच्छ पुढे केला. बाईनं पडता पडता माझाच खांदा धरला होता आणि उभी राहिली होती. आठवडाभराची मेहनत डोळ्यांदेखत तिच्या खिशात चालली होती.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. मावशी टॅक्सी करून आल्या होत्या, फीत कापायच्या आधीच मी त्यांना हात धरून दाराकडे पाठ असलेल्या त्या खुर्चीवर बसवलं होतं. त्यांना टाळ्या कशाच्या ते ऐकूच आलं नव्हतं. त्या नाकावर चष्मा ओढून समोरच्या फ्रेमची पट्टी वाचत होत्या, आणि बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं वाचतो ते कळत नाही.

"'माझी आई, शेवटचे दिवस.'" मावशी थांबल्या. मग मान वळवून लेकीला म्हणाल्या, "कोणाचे गं शेवटचे दिवस? माझे?"

पाहुण्यांनी पुढे केलेला गुच्छ मागे घेतला.

"मला कोणी सांगितलं नाही ते," मावशी म्हणाल्या.

"आई, तू जरा बस ना," ताई घाईनं मोठ्यानं म्हणाल्या.

"बसलेलीच आहे मी. बसले म्हणून तर वाचता आलं." त्यांनी काठी काचेकडे रोखली. "आणि हे पाय माझे नाहीत. माझं बोट असं बोटावर चढलेलं नाही. तू लिहिलंयस ना हे? छापलंयस? मी जिवंत असताना?"

ताईंचा हात माझ्या खांद्यावरून आपोआप खाली गेला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तू काढलंस ना? कोणाचे पाय?"

"माझ्या आईचे," मी मोठ्यानं म्हटलं. "मागच्या बाजूला लिहिलंय, मावशी."

त्या उठल्या. काठी टेकत फ्रेमच्या मागे गेल्या आणि माझ्या त्या ओळी, आईनं मला ओळखलं नाही त्या दिवसाच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचल्या. गुच्छ धरलेल्या पाहुण्यांनी मान खाली घातली. वाचून झाल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "मला घरी सोडा कोणीतरी." लेकीकडे त्यांनी बघितलं नाही.

मी मात्र बघितलं. नीट बघितलं, जसं रोज सकाळी समोरच्या वस्तूकडे बघते तसं. हसू तसंच राहिलं होतं आणि डोळे त्यातून निघून गेले होते. खालचा ओठ एका बाजूला ओढलेला. मग पाणी आलं, आधी डाव्या डोळ्यात. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि मला जराही दया आली नाही.

"तू हे मुद्दाम केलंस," ती हळूच म्हणाली.

"हो."

"घरात बोलता आलं असतं."

"घरात तुम्ही रडला असता, ताई."

मॅनेजरनं त्याच संध्याकाळी पट्ट्यांवरची नावं खरवडून काढली आणि दारावरच्या कागदावर पेननं माझं नाव लिहिलं. ते वाचून बरं वाटलं. पण ओढलेला तो ओठ आठवून जास्त बरं वाटलं, यात मी काही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी माउंटचा तुकडा घेतला आणि तो चेहरा काढला. पहिल्या खेपेला ओठ जमला नाही. मागे ताईंचा पत्ता लिहिला, मजकूर काही नाही, आणि कार्ड उघडंच पेटीत टाकलं. त्यांच्या गल्लीतला पोस्टमनही कार्डं बघून मगच देतो, असं त्यांनीच मला कधीतरी लिहिलं होतं. त्यानंतर रोज तोच चेहरा काढते. कधी समोरून, कधी बाजूनं. मावशींना वेगळी कार्डं जातात, पत्त्यांची; त्या उत्तरही देतात, जिंकल्या की हरल्या ते लिहून.

"झालं ना आता?" नवरा एकदा म्हणाला. त्याच्या भावाचा फोन आला होता, बहुतेक दुसऱ्यांदा. "नाक कापलंस चारचौघांत. अजून किती दिवस?"

"हात बसेपर्यंत," मी म्हटलं.

काल ताईंचं कार्ड आलं. खोडरबराचा ठसा नव्हता. फार दिवसांनी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, शाई एका जागी पसरली होती. दोनच शब्द: 'बस कर.'

मी ते माझ्या टेबलासमोर खिळ्याला लावलं. आलेल्या प्रत्येक कार्डाला उत्तर द्यायचंच, हा नियम त्यांचाच. मी नवा तुकडा घेतला आणि पेन्सिलीला टोक काढलं.